आधी निरीक्षण, मग नाव

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही गेलो होतो. प्रदर्शन सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून प्रयोगशाळेच्या टेबलावर रचून ठेवलेल्या दहावीच्या प्रयोगवह्या सहज चाळू लागलो. संगमरवराच्या तुकड्यांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकायचे आणि निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडायचा, असा प्रयोग होता. प्रत्येक वहीत निरीक्षणाच्या रकान्यात एकच वाक्य होते : 'चुन्याची निवळी दुधाळ होते.' अक्षर निरनिराळे, वाक्य तेच. एका वहीत मात्र दोन वाक्ये होती : 'निवळी पांढरी झाली. वायू तसाच सोडत राहिलो तर ती परत पाण्यासारखी स्वच्छ झाली.' यातल्या दुसऱ्या वाक्यावर लाल शाईने आडवी रेघ मारलेली होती.

रेघ मारणाऱ्या शिक्षकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. वर्गात पन्नास-साठ मुले, प्रयोगाला एकच तासिका, आणि तपासायच्या वह्यांचा ढीग. अशा वेळी पुस्तकातल्या उत्तराशी जुळते का, एवढेच पाहिले जाते. पण त्या वर्गात नळीकडे शेवटपर्यंत पाहत राहिलेला बहुधा तो एकच विद्यार्थी होता. डोळ्यांना दिसले तरी पुस्तकात नसेल तर लिहू नये, एवढे मात्र तो त्या दिवशी शिकला असणार.

त्या नळीत काय घडले असावे, याचा छडा आपण लेखाच्या शेवटी लावू. तत्पूर्वी रासायनिक अभिक्रियांच्या प्रकारांकडे पाहू. संयोग, अपघटन, विस्थापन आणि दुहेरी विस्थापन हे चार प्रकार आपण शाळेत शिकवतो. प्रत्येकाचे एक-एक उदाहरण मुले पाठ करतात. पण प्रयोगशाळेत समोर काहीतरी घडत असताना ते कोणत्या प्रकारात बसते हे ठरवायचे कसे, याचा सराव क्वचितच होतो.

दोन रकाने

सुरुवात एका साध्या गोष्टीने करता येते. वहीच्या पानाच्या मधोमध उभी रेघ ओढावी. डाव्या बाजूला 'काय दिसले', उजव्या बाजूला 'काय झाले असावे'. डाव्या रकान्यात फक्त डोळे, कान, हात आणि तापमापी यांनी सांगितलेले लिहायचे : रंग बदलला, बुडबुडे आले, साका बसला, नळी गरम लागली. (वास घ्यायचाच असेल तर नळीच्या तोंडाशी नाक न नेता हाताने वारा घेऊन, आणि शिक्षकांनी सांगितले असेल तेव्हाच.) 'हायड्रोजन वायू निघाला' हे वाक्य डाव्या रकान्यात चालणार नाही. दिसले ते बुडबुडे. ते हायड्रोजनचे आहेत हे जळती काडी जवळ नेल्यावर 'पॉप्' असा आवाज आला तर म्हणता येईल, तेही उजव्या रकान्यात.

'विस्थापन अभिक्रिया' हे नावही उजव्या रकान्यातलेच. विस्थापन कोणाला दिसत नाही. दिसतो तो खिळ्यावरचा थर आणि फिकट होणारा निळा रंग. त्यावरून आपण अनुमान काढतो. ही गोष्ट मुलांच्या लक्षात आली की दिसलेले आणि पुस्तकातले जुळले नाही तर काय करायचे, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. आता अशीच तीन उदाहरणे घेऊ.

खिळा काळा का झाला?

मोरचुदाचे म्हणजे कॉपर सल्फेटचे द्रावण आणि लोखंडी खिळा हा विस्थापनाचा ठरलेला प्रयोग. १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ५ ग्रॅम मोरचूद विरघळवावे. खिळा पॉलिशपेपरने घासून चकचकीत करावा आणि दोऱ्याने द्रावणात सोडावा. एक-दोन मिनिटांत खिळ्यावर तांबूस थर दिसू लागतो.

लोखंड + कॉपर सल्फेट → फेरस सल्फेट + तांबे

लोखंडाचे अणू द्रावणात जातात आणि तांब्याचे अणू बाहेर येऊन बसतात. 'द्रावण हिरवट होते' असे पुस्तकात असते. एका खिळ्याने पाऊण तासात असा स्पष्ट हिरवा रंग सहसा येत नाही, निळा रंग थोडा फिकट झालेला दिसतो. मुले तरीही 'फिकट हिरवे' असेच लिहितात. लोखंडाचा कीस किंवा भांडी घासायची लोखंडी तारेची वाटी वापरली तर पृष्ठभाग कितीतरी वाढतो, निळा रंग झपाट्याने उतरतो आणि हिरवट छटा दिसण्याची शक्यता वाढते. तेच द्रावण रात्रभर उघडे ठेवले तर सकाळी पिवळसर-तपकिरी गढूळपणा आलेला दिसतो. हवेतल्या ऑक्सिजनने फेरस संयुगाचे फेरिक संयुग होऊ लागल्याची ती खूण. म्हणजे प्रयोग संपला असे आपण समजलो, तरी नळीत दुसरी अभिक्रिया सुरूच होती.

कधीकधी एखाद्या मुलाच्या खिळ्यावर तांबूस थराऐवजी काळा, सहज निघणारा थर येतो आणि बारीक बुडबुडेही दिसतात. मूल गोंधळते. शेजारच्या वहीत पाहते आणि 'तांबूस' लिहिते. त्याने 'काळा' लिहावे, कारण हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या खिळ्यांपैकी काहींवर गंज चढू नये म्हणून जस्ताचा मुलामा असतो. अशा खिळ्यावर मोरचुदाच्या द्रावणातून तांबे बाहेर काढण्याचे काम लोखंडाआधी जस्त करते. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ही क्रिया जलद होते. तांब्याचे अणू एकसंध थरात बसण्याऐवजी अतिशय बारीक, सैल भुग्याच्या रूपात साचतात, आणि असा भुगा काळा दिसतो. मोरचुदाचे द्रावण किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे जस्तापासून थोडा हायड्रोजनही सुटतो. बुडबुडे त्याचे.

जस्ताचा मुलामा सगळीकडे सारखा बसला आहे की नाही हे पाहण्याची एक जुनी औद्योगिक चाचणी नेमक्या याच फरकावर आधारलेली आहे. तिला प्रीस चाचणी म्हणतात. मुलामा दिलेली तार मोरचुदाच्या द्रावणात एक मिनिट बुडवतात, बाहेर काढून धुतात, पुसतात आणि पुन्हा बुडवतात. जस्त शिल्लक असेपर्यंत काळा थर येतो आणि पुसला जातो. जस्त संपून लोखंड उघडे पडले की त्यावर चकचकीत, घट्ट बसणारे तांबे चढते. कितव्या वेळी असे झाले त्यावरून मुलामा किती टिकाऊ ते ठरवतात. वर्गातल्या ज्या निरीक्षणाला आपण चूक म्हणणार होतो, त्याचा कारखान्यात असा उपयोग होतो.

संप्लवन की अपघटन?

नवसागर (अमोनिअम क्लोराइड) कोरड्या परीक्षानळीत तापवला तर तो वितळत नाही. नळीच्या वरच्या थंड भागात पांढरे कडे जमते. हे संप्लवनाचे उदाहरण म्हणून शिकवले जाते : स्थायूचा थेट वायू, वायूचा पुन्हा स्थायू, म्हणजे भौतिक बदल. डाव्या रकान्यात जे दिसते ते या अनुमानाशी जुळतेही.

आता एकच बदल करावा. नळीत चिमूटभर नवसागर घ्यावा. त्याच्या थोडे वर काचलोकरीचा (ग्लासवूलचा) सैल बोळा बसवावा. बोळ्याच्या वर, नळीच्या तोंडाशी, ओल्या लाल लिटमस कागदाची पट्टी आणि ओल्या निळ्या लिटमस कागदाची पट्टी ठेवावी. नळी तिरकी धरून तळ हळूहळू तापवावा. थोड्या वेळात लाल पट्टी निळी होते. आणखी थोड्या वेळाने दोन्ही पट्ट्या लाल होतात.

नवसागराची नुसती वाफ झाली असती तर आधी आम्लारिधर्मी आणि मग आम्लधर्मी असे काही दिसायचे कारण नव्हते. तेव्हा उजव्या रकान्यात लिहायचे ते असे : तापवल्यावर नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड अशा दोन वायूंत अपघटन झाले. अमोनियाचा रेणुभार १७, हायड्रोजन क्लोराइडचा ३६.५. हलका वायू जलद पसरतो. ग्रॅहॅमच्या नियमाप्रमाणे अमोनियाचा वेग सुमारे दीडपट. म्हणून बोळ्यातून तो आधी पलीकडे पोहोचला आणि लाल लिटमस निळा झाला. मागून हायड्रोजन क्लोराइड आला. बोळा नसेल तेव्हा दोन्ही वायू एकत्रच वर जातात आणि थंड काचेवर त्यांचा पुन्हा संयोग होऊन नवसागर बनतो. आपल्याला दिसते ते एवढेच की पांढरी पूड खालून नाहीशी झाली आणि वर जमली.

म्हणजे एकाच नळीच्या तळाशी अपघटन आणि तोंडाशी संयोग. दुरून पाहिले तर संप्लवन. मुलांना पुस्तक चुकले असे सांगण्याची गरज नाही. पदार्थ वेगळे करण्याची पद्धत म्हणून 'संप्लवन' हा शब्द उपयोगी आहेच. पण आत काय घडते हे विचारले तर उत्तर वेगळे येते, हे त्यांना कळले पाहिजे.

या प्रयोगाला रसायनशास्त्राच्या इतिहासात मोठे स्थान आहे. समान तापमानाला व दाबाला वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, हे अव्होगाद्रोने १८११ साली मांडले. हे खरे मानले तर वायूच्या घनतेवरून रेणुभार काढता येतो. पण नवसागराच्या वाफेची घनता अपेक्षेच्या जवळजवळ निम्मीच भरत होती. हे उदाहरण अव्होगाद्रोच्या तत्त्वाविरुद्ध आक्षेप म्हणून पुढे केले जाई. वाफ झाल्यावर एका रेणूचे दोन रेणू होत असतील तर घनता निम्मी येणारच, असा खुलासा काही रसायनशास्त्रज्ञांनी केला, पण तो प्रयोगाने दाखवायला हवा होता. १८६२ साली लिओपोल्ड फॉन पेबाल या शास्त्रज्ञाने अ‍ॅस्बेस्टॉसच्या बोळ्यातून वायू पसरू देऊन अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड वेगवेगळे झाल्याचे दाखवले. आपण वर केला तो प्रयोग जवळपास तोच आहे. फरक एवढाच की अ‍ॅस्बेस्टॉस फुप्फुसांना घातक असल्याचे आता सिद्ध झाले आहे, त्यामुळे ते मुळीच वापरू नये.

मोरचूद, चुना आणि विळा

दुहेरी विस्थापनासाठी लेड नायट्रेट आणि पोटॅशिअम आयोडाइड यांचा पिवळाधमक साका दाखवण्याची पद्धत आहे. दृश्य सुंदर असते यात शंका नाही, पण शिशाची संयुगे विषारी आहेत आणि ती अखेर मोरीतून पाण्यात जातात. आम्ही त्याऐवजी घराजवळचे उदाहरण सुचवू.

द्राक्षबागायतदाराच्या किंवा कोकणातल्या सुपारीच्या बागायतदाराच्या घरातल्या मुलाला बोर्डो मिश्रण माहीत असते. बुरशीजन्य रोगांवर ते फवारतात. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी असे प्रमाण असते. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या पाण्यात तयार करून मग एकत्र करतात. लगेच आकाशी रंगाचा दाट साका तयार होतो.

कॉपर सल्फेट + कॅल्शिअम हायड्रॉक्साइड → कॉपर हायड्रॉक्साइड + कॅल्शिअम सल्फेट

(प्रत्यक्ष साक्याची घडण याहून गुंतागुंतीची असते, पण मुख्य बदल हाच.) हे मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये असे सांगतात. कारण आपण वर पाहिलेच. मोरचूद लोखंडाला खाईल. मिश्रण झाल्यावर शेतकरी त्यात स्वच्छ विळा किंवा चाकूचे पाते थोडा वेळ बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर आला तर द्रावणात अजून मोकळे तांबे आहे, तेव्हा आणखी चुन्याची निवळी घालावी लागते. तसेच फवारले तर पाने करपतात. थर आला नाही तर मिश्रण तयार. दुहेरी विस्थापन पूर्ण झाले की नाही हे साध्या विस्थापनाने तपासण्याची ही शेतकऱ्याची पद्धत आहे. प्रयोगशाळेत ती दोन चंचुपात्रे आणि एक खिळा घेऊन सहज करता येते.

याच मालिकेत मोरचुदाच्या द्रावणात धुण्याच्या सोड्याचे द्रावण घालून पाहावे. हिरवट-निळा साका येतो. 'कॉपर कार्बोनेट आणि सोडिअम सल्फेट' असे समीकरण मुले लगेच लिहितात. पण नीट पाहिले तर बुडबुडेही येतात. त्या समीकरणात वायू कुठेच नाही! येथे डावा रकाना उजव्याला प्रश्न विचारतो. खुलासा असा की मिळणारा साका निव्वळ कॉपर कार्बोनेट नसतो. त्यात कार्बोनेटबरोबर हायड्रॉक्साइडही असते आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड वायुरूपाने निघून जातो. समीकरण सुधारण्याचे काम बुडबुड्यांमुळे झाले.

हे खण कोणी पाडले?

वर्गीकरणाचे चार खण निसर्गाने आखून दिलेले नाहीत. कोणता पदार्थ कोणाला सोडून कोणाशी जुळतो, याचा तक्ता फ्रान्समधील एत्येन फ्रान्स्वा जोफ्र्वा याने १७१८ साली तयार केला. स्वीडनमधील टोर्बेर्न बर्गमन याने १७७५ साली याचा मोठा विस्तार केला आणि एकेरी व दुहेरी आकर्षण असा भेद मांडला. आपल्या विस्थापन आणि दुहेरी विस्थापन या नावांमागे हाच विचार आहे. डाल्टनचा अणुसिद्धान्त १८०८ सालच्या ग्रंथात आला आणि इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ साली लागला. त्यामुळे इलेक्ट्रॉन कोणी दिले आणि कोणी घेतले यावरून ऑक्सिडीकरण आणि क्षपण ठरवण्याची रीत ही नंतरची.

म्हणजे आपल्या हाती निदान तीन निरनिराळे प्रश्न आहेत. कोण कोणाशी जुळले आणि कोण सुटले? उष्णता बाहेर पडली की शोषली गेली? इलेक्ट्रॉनांची देवघेव झाली का? एकाच अभिक्रियेला तिन्ही प्रश्न विचारता येतात आणि तीन नावे मिळतात. ही नावे एकमेकांशी भांडत नाहीत. तालुका, व्यवसाय आणि वय यांप्रमाणे एकाच माणसाची नोंद तीन याद्यांत होते, तसेच हे.

मॅग्नेशिअमची फीत जळते तेव्हा ती संयोग अभिक्रिया असते, उष्मादायी असते आणि ऑक्सिडीकरण-क्षपणही असते. चुनकळीवर पाणी टाकले की ती फुलते आणि पाणी उकळू लागते. तीही संयोग आणि उष्मादायी, पण इलेक्ट्रॉनांची देवघेव मात्र तिच्यात नाही. खिळा आणि मोरचूद यांसारख्या विस्थापनात ती असतेच. साका देणाऱ्या नेहमीच्या दुहेरी विस्थापनात नसते. अपघटन दोन्ही प्रकारचे असू शकते. संगमरवर तापवून चुनकळी मिळते तेव्हा देवघेव नाही, विजेने पाण्याचे अपघटन होते तेव्हा आहे.

उष्णतेच्या बाबतीत मुलांचा एक पक्का समज असतो : रासायनिक क्रिया म्हणजे गरम होणार. तो तपासायला पेलाभर पाण्यात दोन चमचे सायट्रिक आम्ल (वाण्याकडचे लिंबूफूल) विरघळवावे, तापमान पाहावे आणि दोन-तीन चमचे खाण्याचा सोडा थोडाथोडा घालावा. जोराने फेस येतो आणि तापमापीचा पारा काही अंश खाली उतरतो. एवढी खळबळ चाललेली असताना पेला हाताला गार लागतो, याचे मुलांना फार नवल वाटते. ही अभिक्रिया एका खणात बसवायचा प्रयत्न करावा. आधी आम्ल आणि सोडा यांतील दुहेरी विस्थापन, त्यातून कार्बोनिक आम्ल, आणि त्याचे लगेच अपघटन होऊन पाणी व कार्बन डायऑक्साइड. दोन खण लागले आणि उष्णतेचा तिसरा.

रेघ मारलेले वाक्य

आता त्या वहीकडे वळू. कार्बन डायऑक्साइड निवळीत गेला की कॅल्शिअम कार्बोनेटचे बारीक कण तयार होतात. निवळी दुधाळ होते. वायू पुढेही जात राहिला तर कार्बोनेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांचा संयोग होऊन कॅल्शिअम बायकार्बोनेट बनते. ते पाण्यात विरघळते, म्हणून नळी स्वच्छ होते. मुलाने पाहिले ते हेच असावे.

पण ज्यांनी हा प्रयोग करून पाहिला आहे त्यांचा अनुभव असा की पुष्कळदा नळी स्वच्छ होतच नाही. याचेही कारण आहे. ताज्या, संपृक्त निवळीत एका लिटरमध्ये साधारण पावणेदोन ग्रॅम चुना विरघळलेला असतो. त्यापासून होणारे सगळे कार्बोनेट विरघळवणे शुद्ध कार्बन डायऑक्साइडलाही साध्या दाबाखाली जमत नाही. नळीने फुंकून तर नाहीच, कारण उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपासच असते. निवळीत तिच्या तिप्पट पाणी घालून मग वायू सोडला तर नळी स्वच्छ होते. त्या शाळेतली निवळी बहुधा जुनी असेल. बाटलीचे बूच सैल असले की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून चुना हळूहळू खाली बसतो आणि निवळी फिकी होते. या फिक्या निवळीनेच त्याला पुढची पायरी दाखवली.

येथे एखादा चौकस विद्यार्थी शंका काढील : वायूबरोबर आम्लाचे तुषार उडून नळीत गेले असतील आणि त्यांनी कार्बोनेट विरघळवले असेल तर? शंका अगदी रास्त आहे. दोन्ही बाबतींत डाव्या रकान्यात 'नळी स्वच्छ झाली' एवढेच येईल. मग ठरवायचे कसे? स्वच्छ झालेले द्रावण उकळावे. बायकार्बोनेट असेल तर त्याचे अपघटन होऊन कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पुन्हा पांढरा साका येतो. आम्लाने विरघळले असेल तर कॅल्शिअम क्लोराइड झालेले असते, ते कितीही उकळले तरी साका येत नाही. एका उकळीने निवाडा होतो. वायू आधी थोड्या पाण्यातून नेऊन मग निवळीत सोडला तर तुषारांची शंकाही उरत नाही.

हा साका मुलांच्या ओळखीचा आहे. जड पाण्याच्या गावात पाणी तापवायच्या हंड्याच्या आतून पांढरा थर धरतो, तो मुख्यतः हाच. चुनखडीच्या गुहांतील लवणस्तंभ याच उलटसुलट अभिक्रियेने हजारो वर्षांत वाढतात. हे सगळे त्या रेघ मारलेल्या वाक्याच्या पलीकडे होते.

वर्गात करताना

प्रयोग चौघांच्या गटात करावेत. एकाने करायचे, एकाने बोलून सांगायचे, एकाने फक्त डावा रकाना लिहायचा, एकाने वेळ आणि तापमान पाहायचे. पुस्तक मिटलेले असावे. सगळ्या गटांचे डावे रकाने आधी फळ्यावर लिहावेत, जसेच्या तसे. त्यांत फरक आढळले तर ते पुसू नयेत. कोणता फरक साहित्यामुळे (खिळा, निवळी, प्रमाण) आणि कोणता घाईमुळे, हे मुलांनीच शोधावे. त्यासाठी प्रयोग पुन्हा करावा लागला तर एक तासिका जाईल, पण ती वाया जाणार नाही. मगच उजवा रकाना भरावा आणि अगदी शेवटी प्रकाराचे नाव लिहावे.

काळजी घ्यायची ती अशी : डोळ्यांवर चष्मा हवा. पदार्थ चिमटीने मोजावेत, मुठीने नव्हे. नवसागर तापवताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण निघणारे दोन्ही वायू झोंबणारे असतात. चुनकळीवर पाणी टाकताना चेहरा लांब ठेवावा. तो प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा. मोरचूद पोटात जाता कामा नये, तेव्हा प्रयोगानंतर हात साबणाने धुवावेत. प्रदर्शनात 'ज्वालामुखी' म्हणून अमोनिअम डायक्रोमेट पेटवण्याची हौस असते, ती सोडून द्यावी. क्रोमिअमची ती संयुगे कर्करोगास कारण होतात.

गुण देतानाही एक बदल करता येईल. डाव्या रकान्याला स्वतंत्र गुण ठेवावेत आणि ते पुस्तकाशी जुळण्यावर अवलंबून नसावेत. जे दिसले ते स्पष्ट आणि क्रमाने लिहिले असेल तर पूर्ण गुण. उजव्या रकान्यातले अनुमान चुकले तर तेथे गुण कापावेत. 'खिळा काळा झाला' असे लिहिणाऱ्या मुलाचे यात नुकसान होणार नाही, आणि शेजारची वही पाहण्याचे कारणही उरणार नाही.

शेवटी एक आठवण. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आचार्य प्रफुल्लचंद्र राय पारा आणि विरल नायट्रिक आम्ल यांपासून मर्क्युरस नायट्रेट तयार करीत होते. भांड्यात पिवळे स्फटिक जमलेले त्यांना दिसले. पहिल्या दृष्टिक्षेपात तो ओळखीचा बेसिक क्षार वाटावा असा होता. पण एवढ्या आम्लधर्मी द्रावणात तसा क्षार तयार होणे नेहमीच्या अनुभवाशी विसंगत होते. ती विसंगती त्यांनी सोडून दिली नाही. तपासणीअंती ते मर्क्युरस नायट्राइट निघाले, आणि १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या या शोधातून नायट्राइट संयुगांवरील त्यांचे अनेक वर्षांचे संशोधन उभे राहिले.

आपल्या प्रयोगशाळेतून दर वर्षी असा शोध लागणार नाही, हे उघड आहे. परंतु 'वायू सोडत राहिलो तर ती परत स्वच्छ झाली' असे वाक्य पुन्हा एखाद्या वहीत दिसले, तर लाल शाईचे पेन खाली ठेवावे आणि त्या मुलाला ते द्रावण उकळून पाहायला सांगावे.